दावा कोर्टात, पाणी दारात

फेब्रुवारी २०२५ मध्ये बेळगाव तालुक्यात कर्नाटकाच्या एका बसमध्ये भाषेवरून बाचाबाची झाली आणि कंडक्टरला मारहाण झाली. पाठोपाठ चित्रदुर्गाजवळ आपल्या एसटीच्या चालकाला काळे फासण्यात आले. दोन्ही बाजूंच्या गाड्या थांबल्या. हाल झाले ते निपाणीहून कोल्हापूरला दवाखान्यात निघालेल्यांचे आणि चंदगडहून बेळगावला कॉलेजात जाणाऱ्या पोरांचे. त्यानंतर जो वाद रंगला तो नेहमीचाच. एक बाजू म्हणाली, कर्नाटकाशी सगळे व्यवहार तोडा, सीमाप्रश्न सुटेपर्यंत एका टेबलावर बसणेही नको. दुसरी म्हणाली, सत्तर वर्षे होत आली, बेळगावचे आता विसरा आणि विकासाचे बोला. आवाज दोन असले तरी गृहीतक एकच आहे. दावा आणि सहकार्य एकत्र नांदूच शकत नाहीत, एक हवे तर दुसरे सोडावे लागते, असे दोघांनाही वाटते. हे गृहीतकच चुकीचे आहे आणि त्याची किंमत सीमेच्या दोन्ही अंगांना राहणारी माणसे मोजत आली आहेत.

माझे म्हणणे सरळ आहे. सीमाभागावरचा सर्वोच्च न्यायालयातला दावा तसूभरही ढिला न करता महाराष्ट्राने कर्नाटकाशी लेखी करार करावा आणि दोन्ही सरकारांचे एक कायमस्वरूपी संयुक्त मंडळ उभे करावे. पूर, पिण्याचे पाणी, बसवाहतूक, रुग्णांची ने-आण आणि दोन्हीकडच्या भाषिक अल्पसंख्याकांच्या शाळा हे त्याचे विषय असावेत. करारातले पहिलेच कलम असे असावे की, या करारातील कशानेही सीमेबाबतच्या कोणत्याही राज्याच्या दाव्यास किंवा हक्कास बाधा येणार नाही. आणि हे आत्ता व्हावे. २००४ मध्ये दाखल केलेला दावा दोन दशके उलटली तरी निकालाच्या जवळपास नाही. त्याची वाट पाहत बसायचे तर तोवर आणखी किती पावसाळे काढायचे?

या भूमिकेवरचा सगळ्यात वजनदार आक्षेप सीमाभागातूनच येतो आणि तो ऐकलाच पाहिजे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यातले बेळगाव म्हैसूर राज्यात गेले तेव्हापासून महाराष्ट्र एकीकरण समितीचे कार्यकर्ते तो दिवस काळा दिन म्हणून पाळतात. त्याच वर्षी १७ जानेवारीला गोळीबारात पडलेल्या हुतात्म्यांना आजही अभिवादन होते. या लोकांनी लाठ्या खाल्ल्या, खटले अंगावर घेतले, पिढ्या घातल्या. त्यांचे म्हणणे असे की, कर्नाटकाने प्रत्येक गोष्ट ताबा पक्का करण्यासाठीच केली आहे. २००६ मध्ये बेळगावात विधिमंडळाचे अधिवेशन भरवले, २०१२ मध्ये तिथे सुवर्ण विधानसौध उभे राहिले, २०१४ मध्ये शहराचे नाव बदलले. अशा सरकारशी तुम्ही रीतसर करार केलात, त्यात बेळगाव जिल्हा प्रशासन म्हणून कर्नाटकाचा अधिकारी सही करणार, मग ताबा मान्य केल्यासारखेच झाले ना? उद्या कोर्टात समोरचा वकील तोच कागद पुढे करणार नाही का?

आक्षेप खोटा नाही. सहकार्याच्या नावाखाली दावे विरघळून गेल्याची उदाहरणे जगात आहेत. पण मग या प्रश्नाचे उत्तर द्या: कोल्हापूर-बेळगाव एसटी कशाच्या आधारावर धावते? दोन राज्यांमधल्या आंतरराज्य वाहतूक करारावर. कुणाच्या किती गाड्या, कुणाच्या हद्दीत किती किलोमीटर, हे त्यात ठरलेले असते. म्हणजे महाराष्ट्राने बेळगावपर्यंतचा रस्ता कर्नाटकाच्या हद्दीत धरूनच तो करार केला आहे. त्यामुळे दावा बुडाला, असे एकाही वकिलाने म्हटलेले नाही. सीमाप्रश्नासाठी नेमलेल्या महाजन आयोगाचा अहवाल ऑगस्ट १९६७ मध्ये आला. निपाणी, खानापूरसह २६४ गावे महाराष्ट्राला, दक्षिण सोलापूर व अक्कलकोटसह २४७ गावे म्हैसूरला आणि बेळगाव शहर आहे तिथेच, असे त्यात होते. महाराष्ट्राने तो फेटाळला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९६९ मध्ये, कृष्णा पाणीवाटपासाठी बच्छावत लवाद नेमला गेला आणि ज्यांची हद्द आपल्याला मान्य नव्हती त्याच म्हैसूरसोबत महाराष्ट्र त्या लवादापुढे वर्षानुवर्षे बसला. कृष्णेचे पाणी वाटून घेतले म्हणून बेळगाव सोडले, असे तेव्हा कुणी म्हटले नाही. आपल्याकडे गावोगाव भाऊबंदकीत हे चालते. बांधाचा दावा तालुक्याच्या कोर्टात पडून असतो आणि सामाईक विहिरीवरच्या मोटारीची पाळी मात्र वार लावून ठरलेली असते. पाळी पाळली म्हणून बांधावरचा हक्क गेला, असे कुठलाही दिवाणी न्यायाधीश म्हणत नाही.

आणि याहून कडवट वादातही हे घडले आहे. आयर्लंडचे उदाहरण मी मुद्दाम देतो, कारण ते आपल्या प्रश्नाशी विलक्षण जुळते. १९३७ च्या आयरिश राज्यघटनेच्या दुसऱ्या व तिसऱ्या कलमांनी संपूर्ण बेटावर, म्हणजे ब्रिटनकडे असलेल्या उत्तर आयर्लंडवरही, दावा सांगितला होता. डब्लिनच्या आयरिश सरकारच्या लेखी फाळणी हा अन्याय होता आणि उत्तर आयर्लंडचे बेलफास्टमधले सरकार त्या अन्यायाचे अपत्य. १९५० च्या आसपास फाळणीविरोधी प्रचार ऐन भरात होता. नेमक्या त्याच काळात या दोन सरकारांनी अर्न नदीचा करार केला. वरची सरोवरे उत्तर आयर्लंडच्या फर्मॅना परगण्यात आणि वीजकेंद्रे खाली प्रजासत्ताकातल्या डोनेगॉलमध्ये. सरोवरातले पाणी किती उंचीपर्यंत ठेवायचे, पूर कसा आवरायचा आणि वीज कशी काढायची, हे दोन्हीकडे समांतर कायदे करून ठरले. १९५२ मध्ये फॉइल खाडीतल्या साल्मन माशांसाठी संयुक्त आयोग झाला. गंमत नव्हे, फॉइलचे पाणी नेमके कुणाचे हा वाद आजही सुटलेला नाही, पण त्या पाण्यातली मासेमारी दोघांची संयुक्त यंत्रणा सांभाळते.

पुढे नोव्हेंबर १९८५ मध्ये मार्गारेट थॅचर आणि गॅरेट फिट्झजेराल्ड यांनी हिल्सबरो येथे अँग्लो-आयरिश करार केला, तेव्हा उत्तर आयर्लंड हिंसाचारात होरपळत होते आणि तिथले प्रांतिक राजकारण पूर्ण गोठले होते. या कराराने डब्लिन सरकारला उत्तरेतल्या कारभाराबद्दल रीतसर म्हणणे मांडण्याची जागा मिळाली, एक आंतरसरकारी परिषद आणि तिचे सचिवालय उभे राहिले. त्यावर डब्लिनमधले विरोधी पक्षनेते चार्ल्स हॉही यांनी घेतलेला आक्षेप शब्दशः आपल्याकडचाच होता: यामुळे ब्रिटिश ताब्याला मान्यता मिळते. १९८७ मध्ये तेच पंतप्रधान झाले आणि त्यांनी तो करार मोडला नाही, चालवला. उलट बाजूने उत्तरेतले दोन युनियनवादी, म्हणजे ब्रिटनसोबतच राहू इच्छिणारे, राजकारणी आयर्लंडच्या न्यायालयात गेले. हा करार आयरिश घटनेतल्या दाव्याशी विसंगत आहे म्हणून रद्द करा, असे त्यांचे म्हणणे होते. १९९० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, प्रत्यक्ष परिस्थितीची दखल घेतल्याने दावा सोडला असे होत नाही, दावा कायम आहे. सीमाप्रश्नावर बोलणाऱ्या प्रत्येकाने हा निकाल लक्षात ठेवावा.

यावर कुणी म्हणेल, पण शेवटी १९९८ मध्ये आयर्लंडने ती कलमे बदललीच ना? बदलली, पण कशाच्या बदल्यात? उत्तरेतल्या बहुसंख्य लोकांनी मतदानाने ठरवले तर एकीकरण करावेच लागेल, हे ब्रिटनने आंतरराष्ट्रीय करारात लिहून दिले. सहा दशके जो दावा घटनेच्या पानावर नुसता पडून होता, त्याला लोकेच्छेचा प्रत्यक्ष मार्ग मिळाला. महाराष्ट्राची मागणी तरी काय आहे? गाव हा घटक, भाषिक बहुसंख्या, भौगोलिक सलगता आणि लोकेच्छा. ही सूत्रे ह. वि. पाटसकरांनी आंध्र आणि मद्रास यांच्या सीमातंट्यात वापरली. तो वाद सुटला, तिरुत्तणी मद्रासला मिळाले, त्याबदल्यात काही गावे आंध्राला गेली आणि १ एप्रिल १९६० पासून नव्या सीमा लागू झाल्या. आपण पाटसकर सूत्राचे नाव उठता-बसता घेतो, पण एक गोष्ट सोयीस्करपणे विसरतो. ते सूत्र लागू पडले, कारण दोन्ही सरकारे त्या मध्यस्थीला तयार झाली होती. राज्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार शेवटी संसदेचा आहे आणि दोन शेजारी सरकारांत कसलाच संवाद नसताना संसद तो वापरील, अशी आशा कोणत्या अनुभवावर करायची?

दुसरा आक्षेप मंत्रालयातल्या आणि जलसंपदा खात्यातल्या जाणत्या माणसांकडून येतो. ते म्हणतात, करारबिरार कशाला, काम चालतेच की. आपले अभियंते त्यांच्या अभियंत्यांशी बोलतात, मुख्यमंत्री मुख्यमंत्र्यांना फोन करतात. जून २०२१ मध्ये आपले तेव्हाचे जलसंपदामंत्री जयंत पाटील बंगळूरला जाऊन मुख्यमंत्री येडियुरप्पांना भेटले, पावसाळ्यापूर्वी समन्वयाचे बोलणे झाले. रीतसर मंडळ केले की त्यात राजकारण शिरेल, आज जे गुपचूप होते तेही अडेल. यात तथ्य आहे. अनेक चांगल्या गोष्टी गाजावाजा न करता होतात आणि खालच्या पातळीवरच्या अधिकाऱ्यांच्या परस्परविश्वासावर पुष्कळ भिस्त असते.

पण ऑगस्ट २०१९ आठवा. सांगलीत आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी गेले ५७ फुटांवर. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट, तिथे पंचगंगा ५५ फुटांपलीकडे. पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली. ८ ऑगस्टला ब्रह्मनाळला बोट उलटली आणि जीव वाचवायला निघालेली माणसे बुडाली. त्या आठवड्यात प्रत्येकाच्या तोंडी एकच प्रश्न होता, कर्नाटकातल्या आलमट्टी धरणातून किती सोडलेत? शिरोळ तालुक्यातला शेतकरी त्या दिवसांत मोबाइलवर दोन आकडे पाहत होता, राजापूर बंधाऱ्यावरून पुढे किती क्युसेक जाते आणि आलमट्टीतून किती बाहेर पडते. दोन्ही आकडे कुणीतरी फॉरवर्ड केलेले, दोन ठिकाणी दोन वेगळे. नृसिंहवाडीच्या संगमावर पाणी पायरीगणिक चढत असताना घर कधी सोडायचे, जनावरे कधी हलवायची, हे त्याने या आकड्यांवर ठरवायचे. आणि त्या क्षणी कर्नाटकात काय परिस्थिती होती? येडियुरप्पांनी २६ जुलैला एकट्याने शपथ घेतली होती, मंत्रिमंडळ झाले २० ऑगस्टला. महापुराच्या ऐन आठवड्यात त्या राज्याला वेगळा जलसंपदामंत्रीच नव्हता. आपणही त्यांच्यावर बोट ठेवायला नको. २०२२ मध्ये ३० जून ते ९ ऑगस्ट, म्हणजे ऐन पावसाळ्याचे चाळीस दिवस, महाराष्ट्राचे मंत्रिमंडळ दोन माणसांचे होते. फोनवर चालणारी व्यवस्था फोन उचलणारा खुर्चीवर असेल तरच चालते. राजकारणाची कोंडी झाली की ती पहिल्यांदा बंद पडते आणि पाऊस काही शपथविधीसाठी थांबत नाही.

लेखी व्यवस्था कशी चालते हे पाहायला आयर्लंडला जायचीही गरज नाही, नांदेड जिल्ह्यात बाभळीला जावे. गोदावरीवरच्या त्या बंधाऱ्यावरून महाराष्ट्र आणि आंध्र प्रदेश किती हातघाईवर आले होते ते मराठवाड्याला आठवत असेल. फेब्रुवारी २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला आणि केंद्रीय जल आयोग व दोन्ही राज्ये यांची त्रिसदस्यीय समिती नेमली. १ जुलैला दरवाजे वर उचलायचे, २८ ऑक्टोबरपर्यंत उघडे ठेवायचे, १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी खाली सोडायचे. तारखा ठरल्या. पुढच्याच वर्षी आंध्राचे विभाजन झाले, बाभळीच्या खालचा शेजारी बदलून तेलंगण झाला. मुंबईत आणि हैदराबादेत सरकारे आली-गेली. तरी १ जुलैला अधिकारी बंधाऱ्यावर जमतात, पंचनामा होतो, दरवाजे उचलले जातात. त्यासाठी कुणी कुणाला फोन करून विनवण्या करत नाही. बाभळीच्या निकालावर मराठवाड्यातल्या शेतकऱ्याची नाराजी आहे, आणि ती रास्त आहे. ऐन पावसाळ्यात दरवाजे उघडे ठेवायचे म्हटल्यावर बंधाऱ्यात साठणार काय? पण तो निवाड्याच्या आशयावरचा आक्षेप झाला. ठरलेले पाळले जाते की नाही, या कसोटीवर बाभळी उतरली आहे.

कृष्णेवर नेमके हेच नाही. आलमट्टीची पाणीपातळी आज ५१९.६० मीटर आहे. २०१० मध्ये कृष्णा पाणीवाटपाच्या ब्रिजेशकुमार लवादाने ती ५२४.२५६ मीटरपर्यंत न्यायला मुभा दिली, पण न्यायालयीन गुंत्यामुळे तो निवाडा राजपत्रात आलेला नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये कर्नाटकाच्या मंत्रिमंडळाने वाढीव उंचीसाठी जाणाऱ्या जमिनींचा मोबदला ठरवला आणि सांगली-कोल्हापुरात पुन्हा धसका बसला. २०१९ च्या पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीने पुराचे खापर आलमट्टीवर फोडले नाही. ते सांगलीतल्या पुष्कळ लोकांना पटले नाही, आंदोलने झाली, पुन्हा अभ्यास करण्याची मागणी झाली. या वादात कोण बरोबर हे मी इथे ठरवू पाहत नाही. मला दिसते ते इतकेच की, आजवरचा बहुतेक अभ्यास एका राज्याने नेमलेल्या माणसांनी, त्या राज्याला मिळालेल्या आकड्यांवर केला. महाराष्ट्राचा अहवाल कर्नाटक मानत नाही, कर्नाटकाचे आकडे महाराष्ट्र मानत नाही आणि आपल्याच समितीचा अहवाल आपलीच माणसे मानत नाहीत. कर्नाटकातल्या हिप्परगी बंधाऱ्याचे दरवाजे कोणत्या तारखेला उघडायचे, ऑगस्टअखेरपर्यंत आलमट्टीत किती पातळी ठेवायची, कोयना, वारणा, राधानगरी, दूधगंगा यांतून एकाच वेळी पाणी सुटणार असेल तर खाली किती तास आधी कळवायचे, हे दोघांच्या सहीने लिहून ठेवले आणि मोजमापाची केंद्रे संयुक्त ठेवली, तर निदान आकड्यांवरचे भांडण तरी मिटेल. आणि आलमट्टीची उंची वाढवायला विरोध करायचा असेल तर त्यासाठीही महाराष्ट्राला दोघांनी मिळून मोजलेले आकडेच लागतील. नुसत्या भाषणांनी धरणाची भिंत अडत नाही.

तिसरा आक्षेप मला व्यक्तिशः सर्वांत अस्वस्थ करतो: करार झाले तरी ते आपल्याच माणसांच्या मुळावर येऊ शकतात. ऑगस्ट २०१६ मध्ये महाराष्ट्र आणि तेलंगण यांनी गोदावरी खोऱ्यातल्या बंधाऱ्यांचा करार मोठ्या समारंभाने केला. आंतरराज्य मंडळ वगैरे सगळे होते. त्या करारातले मेडीगड्डाचे धरण झाले आणि गडचिरोलीच्या सिरोंचा तालुक्यातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी फुगवट्याच्या पाण्यात जाऊ लागल्या. मोबदल्यासाठी त्यांना उपोषणाला बसावे लागले. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्या धरणाचे खांबच खचले. करार रीतसर होता आणि तरी सिरोंचाच्या शेतकऱ्याला कुणी विचारले नव्हते. म्हणूनच मंडळ कसे असावे याबद्दल आग्रह धरला पाहिजे. शिरोळ, पलूस, मिरज, तसेच अथणी, चिकोडी, जमखंडी इथल्या पूरग्रस्तांचे प्रतिनिधी त्यात असावेत. सीमाभागातल्या मराठी लोकांचे आणि जत, अक्कलकोटच्या कन्नड लोकांचेही असावेत. बैठकीचे इतिवृत्त दोन्ही भाषांत ठरावीक मुदतीत जाहीर झालेच पाहिजे. डिसेंबर २०२२ मध्ये ट्रक फोडले गेले, आपल्या समन्वयक मंत्र्यांचा बेळगाव दौरा बारगळला, मग दिल्लीत केंद्रीय गृहमंत्र्यांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांना बसवले आणि दोन्हीकडच्या तीन-तीन मंत्र्यांची समिती ठरली. त्याच महिन्यात दोन्ही विधिमंडळांनी एकमेकांविरुद्ध ठराव केले. त्या सहा मंत्र्यांनी काय ठरवले, हे आज खानापूरच्या माणसाला ठाऊक आहे का? कारभार बंद दाराआड असला की समित्या अशाच विरून जातात.

मग सीमाभागातल्या मराठी माणसाला यातून काय मिळेल? आज त्याची परवड अशी आहे की, निकाल लागेपर्यंत महाराष्ट्र त्याच्यासाठी काही करू गेला की ते एकतर्फी ठरते आणि कर्नाटक ते अडवते. २०२३ मध्ये महात्मा फुले जनआरोग्य योजना आपण सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू केली, हेतू उत्तम होता. कर्नाटकाने लगेच हरकत घेतली. आता याच गोष्टीकडे दोन्ही बाजूंनी पाहा. मिरजेच्या दवाखान्यांत अथणी, रायबाग, चिकोडीचे रुग्ण पिढ्यान्‌पिढ्या येतात. चंदगड, आजऱ्याचा माणूस मोठे दुखणे निघाले की बेळगाव गाठतो. दोन्ही राज्यांच्या आरोग्य योजना सीमेलगतच्या तालुक्यांत परस्परांच्या दवाखान्यांत चालाव्यात, असा करार झाला तर त्यात कुणाच्या सार्वभौमत्वाला धक्का बसतो? अशी सोय नसली की काय होते ते मार्च-एप्रिल २०२० मध्ये केरळ-कर्नाटक सीमेवर दिसले. कासरगोडचे रुग्ण मंगळूरच्या दवाखान्यांवर अवलंबून, टाळेबंदीत तलपाडीचा नाका बंद झाला, रुग्णवाहिका अडल्या, माणसे दगावली आणि तोडगा निघाला तो उच्च न्यायालय व सर्वोच्च न्यायालय गाठल्यावर. कोगनोळीच्या नाक्यावर कोविडच्या काळात चाचणीच्या कागदासाठी आपल्याही लोकांच्या रांगा लागल्याच होत्या.

शाळांचेही तसेच. खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेला शिक्षक मिळत नाही, सरकारी कागद मराठीत मिळत नाही, ही तक्रार खरी आहे. जत आणि अक्कलकोटच्या कन्नड शाळांत कन्नड जाणणारा शिक्षक हवा, ही तक्रारही तितकीच खरी आहे आणि तिथे उत्तरदायी आपण आहोत. जतच्या गावांना पाणी मिळेना तेव्हा त्यांनी कर्नाटकात जाण्याची भाषा केली आणि २०२२ मध्ये कर्नाटकाचे तेव्हाचे मुख्यमंत्री बोम्मई यांनी त्याचेच भांडवल केले, हे आपण विसरू नये. परस्परतेवर उभी राहिलेली मागणी टाळणे समोरच्याला जड जाते. जतच्या कन्नड शाळा आम्ही अशा चालवतो, पुस्तके वेळेवर देतो, हे पाहा, आता निपाणीच्या मराठी शाळांचे सांगा, असे म्हणणाऱ्या महाराष्ट्राचे म्हणणे भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांपुढे आणि न्यायालयापुढेही अधिक भरेल.

आपल्या संघराज्याच्या रचनेत इथे एक भोक आहे, ज्याची चर्चा फारशी होत नाही. ज्या १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्याने हा प्रश्न जन्माला घातला, त्यानेच विभागीय परिषदा निर्माण केल्या. सीमातंटे, भाषिक अल्पसंख्याक, आंतरराज्य वाहतूक हे विषय त्यांच्याकडे सोपवले. पण महाराष्ट्र पश्चिम विभागीय परिषदेत आणि कर्नाटक दक्षिण. देशातल्या सर्वांत जुन्या सीमातंट्यांपैकी एकातले दोन्ही पक्षकार एका परिषदेत बसतच नाहीत. दोन परिषदांची संयुक्त बैठक घेण्याची तरतूद कायद्यात आहे, ती वापरायला हवी होती. घटनेच्या २६३ व्या कलमाखालची आंतरराज्य परिषद आहे, तिची बैठक जुलै २०१६ नंतर झालेली नाही. केंद्राने बसवून द्यावे म्हणून थांबण्यात अर्थ उरलेला नाही. दोन राज्यांना आपापसांत करार करायला कुणाची आडकाठी नाही. तिलारीत महाराष्ट्र आणि गोवा तसेच एकत्र आले, दूधगंगेत महाराष्ट्र आणि कर्नाटकही आले आहेत.

या कराराला किंमत पडेल आणि ती आधीच सांगितलेली बरी. उन्हाळ्यात कृष्णाकाठ कोरडा पडला की कर्नाटक कोयना-वारणेतून पाणी मागते. त्याबदल्यात कर्नाटकाच्या तुबची-बबलेश्वर योजनेतून जतच्या पूर्व भागाला पाणी द्यावे, हे बोलणे दोन्ही राज्यांत वर्षानुवर्षे चालू आहे. करारात हे पाणी दरवर्षी द्यावे लागेल, निवडणुकीच्या वर्षीही, आणि बेळगावात एकीकरण समितीच्या महामेळाव्याला परवानगी नाकारली गेली त्या वर्षीही. त्या वेळी कुणीतरी नक्की म्हणेल, पाणी तोडा. तहानलेल्या अथणीचा नळ बंद करून बेळगावच्या मराठी माणसाचा कोणता हक्क परत येणार आहे? तोडलेल्या पाण्याने कर्नाटकातल्या कडव्या संघटनांच्या हाती आयते कोलीत मिळेल आणि त्याचे चटके बसतील ते बेळगावच्या शहापूर, वडगावातल्या मराठी दुकानदाराला.

शेवटचा प्रश्न उरतो: कर्नाटकाने नकार दिला तर? शक्यता आहेच, तिथल्या कुठल्याही सरकारला महाराष्ट्राशी करार केल्याचे राजकीय भय वाटेल. तरी महाराष्ट्राने मसुदा तयार करावा, विधिमंडळात मांडून एकमताने मंजूर करावा, जसा २७ डिसेंबर २०२२ चा सीमाठराव केला तसाच, आणि तो कन्नड अनुवादासह बंगळूरला पाठवून जाहीरही करावा. सांगली आणि बागलकोट, दोन्ही जिल्ह्यांतल्या लोकांना तो वाचता येऊ दे. कर्नाटकाने तो स्वीकारला तर पुढच्या पावसाळ्याआधी संयुक्त मोजमाप सुरू होईल. नाकारला तर पुराच्या आकड्यांपासून शाळेतल्या शिक्षकापर्यंत कोणत्या गोष्टीला कुणी नकार दिला, हे तारीखवार कागदावर राहील आणि दाव्याची सुनावणी होईल तेव्हा महाराष्ट्राच्या वकिलांना तो कागद न्यायालयापुढे ठेवता येईल.